नियम, बाजार आणि विहिरीतलं पाणी



गुरुकुंजात बोलायला उभं राहिलं की आमची नेहमी थोडी पंचाईत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभा केला आणि पुढे 'ग्रामगीता' लिहिली, ती गावाच्या रोजच्या जगण्यावर. स्वच्छता, शेती, आरोग्य, पंचायत, सगळं त्यात आलं. त्यामुळे या जागेवर नुसतं तत्त्वज्ञान सांगून वक्त्याची सुटका होत नाही. 'ते ठीक आहे, पण गावाचं काय?' हा प्रश्न पहिल्या रांगेत येऊन बसलेलाच असतो.

आजचा विषय आयोजकांनी असा दिला आहे: पर्यावरणाचे नियम आणि विकसनशील देशांतला हरित तंत्रज्ञानाचा वाढता बाजार. विषय ऐकायला मोठा आहे. आम्ही अर्थशास्त्राचे नाही, अभियंतेही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण इथून उत्तरेला, मोर्शीच्या बाजूला, आमची वडिलोपार्जित थोडी संत्र्याची बाग आहे. धाकटे बंधू ती सांभाळतात. त्या बागेत दोन वर्षांपूर्वी सौर कृषिपंप बसला आणि हा अख्खा विषय आमच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंप बसला त्या आठवड्यात आम्ही शेतावर गेलो. पुतण्या फार खुशीत होता. बटण दाबलं, पाणी आलं. आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा डबा नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रात्रीचं ओलीत संपलं. इथं बसलेल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. रात्री दोन वाजता लाइन येणार म्हणून बॅटरी घेऊन, साप-इंचवाच्या भीतीनं बांधावरून चालणं काय असतं, ते वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ते थांबलं, ही लहान गोष्ट नाही. आम्ही आज जी काही टीका करणार आहोत, ती हे मान्य करून करणार आहोत.

तर पंप चालू होता. सकाळी आठला सुरू झालेला, दुपारचे तीन वाजले तरी चालूच. बाग ओली होऊन पाणी धुऱ्याकडे वाहत होतं. आम्ही म्हटलं, "अरे, आता बंद कर." तो हसला. म्हणाला, "मोठेबाबा, सूर्याचं काही बिल येते काय? मंग बंद काहून करायचा?"

मंडळी, या एका प्रश्नात आजचं व्याख्यान आहे. तो चूक बोलला नव्हता. त्याच्या हिशेबात पाण्याला किंमतच नव्हती, आणि तो हिशेब त्याला कुणी शिकवला, तर आपणच शिकवला. कसा, ते पाहू.

हा बाजार आला कुठून?

आपली एक समजूत असते. एकीकडे सरकार असतं, ते नियम करतं, अडवतं. दुसरीकडे बाजार असतो, तो मोकळा असतो, नवी यंत्रं आणतो. नियम वाढले की बाजार आटतो, नियम कमी केले की बाजार फुलतो. इतर ठिकाणी हे किती खरं, ते बाजूला ठेवू. पण हरित तंत्रज्ञानाच्या बाबतीत ही समजूत जवळजवळ उलटी आहे. इथं बहुतेक वेळा नियम आधी येतो आणि बाजार त्याच्या पोटी जन्म घेतो.

असं का, याचा विचार करा. समजा एका कारखान्यानं धूर सोडला. तो धूर शेजारच्या गावाच्या फुप्फुसात जातो. त्याचा खर्च गाव भरतं, कारखाना भरत नाही. मग धूर गाळायचं यंत्र तो कशाला विकत घेईल? त्याला त्यातून एक पैचा फायदा नाही. म्हणजे धुराचा त्रास असूनही, यंत्र तयार असूनही, गिऱ्हाईक नाही. कायदा म्हणतो, 'धूर सोडलास तर दंड भर', त्या दिवशी गिऱ्हाईक तयार होतं. जे नुकसान कुणाच्याच वहीत लिहिलं जात नव्हतं, ते नियम वहीत लिहायला लावतो.

दिल्लीचं उदाहरण घ्या. १९९८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर आणा, मुदत ३१ मार्च २००१. त्या वेळी केवढा गदारोळ झाला! गॅस नाही, पंप नाहीत, गाड्या नाहीत, हे शक्यच नाही. मुदत हुकली, दंड झाला, पण २००२ संपता संपता डिझेलच्या शहर बस रस्त्यावरून गेल्या. आज सीएनजीची गाडी घेताना कुणाला त्यात सरकारी आदेश आठवत नाही. वाटतं, बाजारातच होती.

दुसरं उदाहरण तुमच्या घरातलं आहे. एलईडी बल्ब. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. त्याआधी हा दिवा म्हणजे श्रीमंतांची चैन. सरकारी कंपनीनं लाखोंच्या संख्येनं एकदम निविदा काढल्या, दर्जा ठरवून दिला, आणि सरकारी खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आली. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम ९ वॅटचा दिवा करू लागला. देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. इथं बंदी नव्हती, दंड नव्हता. नियम होता तो दर्जाचा आणि खरेदीचा. मागणी मोठी आणि खात्रीची आहे म्हटल्यावर कारखानदारानं किंमत उतरवली.

सौर पॅनेलचंही तेच. २००० साली जर्मनीनं कायदा केला की सूर्यापासून वीज बनवेल त्याला वीस वर्षं ठरलेला भाव मिळेल. त्या भावाच्या भरवशावर गिऱ्हाईक उभं राहिलं. मग चीननं प्रचंड कारखाने उभारले, आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळजवळ दहाव्या हिश्शावर आली. आपल्याकडे २००३ च्या विद्युत कायद्यानं राज्यांच्या वीज नियामक आयोगांना सांगितलं की वीज कंपन्यांनी ठरावीक टक्के वीज अपारंपरिक स्रोतांकडून घेतलीच पाहिजे, असं बंधन घाला. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याच्या साक्री भागात ज्या पवनचक्क्या फिरतात, त्या नुसत्या वाऱ्यावर फिरत नाहीत. सरकारी सवलती आणि आयोगानं ठरवलेले विजेचे भाव हेही त्यांच्या पात्यांना लागतं. (हशा)

म्हणजे मोर्शीच्या शेतातल्या त्या पॅनेलमध्ये जर्मनीच्या संसदेचा कायदा आहे, चीनचा कारखाना आहे, दिल्लीची कुसुम योजना आहे, मुंबईचं अनुदान आहे. आणि सगळ्यात शेवटी आमच्या बंधूंचा दहा टक्के हिस्सा आहे. आपण म्हणतो, 'पंप आम्ही घेतला.' खरं पाहिलं तर एवढ्या सगळ्यांनी मिळून तो आपल्याला घ्यायला लावला.

यंत्र कुणी बनवायचं?

आता विकसनशील देशांचा खास प्रश्न येतो. नियमानं बाजार तयार झाला. पण त्या बाजारात माल कुणाचा विकायचा?

भारतानं २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं. त्यात एक अट घातली की काही प्रकल्पांत सौर सेल आणि पॅनेल भारतातच बनलेले वापरा. हेतू सरळ होता. कर आमच्या लोकांचा, मग रोजगारही आमच्या लोकांना मिळू द्या. २०१३ साली अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की हा भेदभाव आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अंतिम निकाल आला, भारताच्या विरोधात. भारतानं बाजू मांडली होती की हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या पाळण्यासाठी हे करावं लागतं. ती मान्य झाली नाही. पुढे भारतानं दुसऱ्या वाटा काढल्या. मान्यताप्राप्त पॅनेलची यादी केली, २०२२ च्या एप्रिलपासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावलं, आणि शेतकऱ्यांच्या पंपांना देशी पॅनेलची अट ठेवली.

यात नैतिक पेच आहे, तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत देश गरीब देशांना म्हणतात, 'लवकर हरित व्हा.' गरीब देश म्हणतो, 'होतो, पण यंत्र बनवायला आम्हालाही शिकू द्या.' त्यावर उत्तर येतं, 'नाही, स्वस्त मिळतं तिथून घ्या.' म्हणजे गरिबानं कायम गिऱ्हाईकच राहायचं. दुसऱ्या बाजूलाही सत्य आहे. देशी पॅनेल महाग पडलं तर त्याच पैशात पंप कमी बसतात, आणि जो शेतकरी यादीत मागे राहतो तो रात्रीचं ओलीत आणखी दोन वर्षं करतो. दोन्हीकडे न्यायाचा दावा आहे. अशा ठिकाणी घोषणा देऊन भागत नाही, हिशेब करावा लागतो.

आणि माल देशी असो की परदेशी, दर्जा कोण पाहणार? आमच्याच शेतावरचा अनुभव सांगतो. बसवल्यानंतर आठ महिन्यांनी कंट्रोलर बंद पडला. पाच वर्षं देखभाल पुरवठादारानं करायची, असं कागदावर होतं. फोन केले, तक्रार नोंदवली. माणूस यायला सदतीस दिवस लागले. ऐन एप्रिल महिना. बंधूंनी शेवटी शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणलं. पुरवठादाराचं नाव आम्ही घेत नाही, कारण आमचा मुद्दा एका कंपनीचा नाही. अनुदान यंत्र बसवण्याला मिळतं, यंत्र चालू ठेवण्याला मिळत नाही. मग बाजार बसवण्यात हुशार होतो आणि दुरुस्तीत आळशी. बाजार वाईट असतो म्हणून असं होतं, असं नाही. आपण ज्याचे पैसे देतो तेच तो करतो.

शेजारच्या बांगलादेशानं या बाबतीत थोडं शहाणपण दाखवलं. २००३ पासून तिथं ज्या खेड्यांत वीज नव्हती तिथं घरगुती सौर संच हप्त्यांवर दिले गेले. चाळीस लाखांहून अधिक घरांत ते पोहोचले. विकणाऱ्या संस्थेनंच हप्ते वसूल करायचे होते. दिवा पेटला नाही तर घरधनी हप्ता देणार नाही, हे साधं गणित होतं. त्यामुळे गावात मिस्त्री ठेवणं संस्थेच्याच फायद्याचं ठरलं. एवढी साधी रचना हजार तपासण्यांचं काम करते.

नियम डळमळला की

आता थोडं कोळशाकडे वळू. वऱ्हाडाला हा विषय लांबचा नाही. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक केंद्र आहे, अमरावतीजवळ नांदगावपेठला आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी धुराच्या नव्या मर्यादा ठरवल्या. त्यात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा होती. तो वायू पकडायचा तर चिमणीआधी मोठी यंत्रणा बसवावी लागते. मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, खर्च फार आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. तो बरोबर की चूक, यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि आज आम्ही त्यात पडत नाही.

आम्ही दुसरंच पाहायला सांगतो. या दहा वर्षांत ज्यांनी नियमावर विश्वास ठेवून यंत्रणा बसवली, त्यांचा खर्च झाला. जे 'बघू, मुदत वाढेलच' म्हणून बसून राहिले, त्यांचे पैसे वाचले. पुढचा नियम येईल तेव्हा शहाणा माणूस काय करेल? बसून राहील. कडक नियम चालतो, सौम्य नियमही चालतो. डळमळणारा नियम मात्र प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो. अमेरिकेतले मायकल पोर्टर नावाचे अभ्यासक १९९० च्या दशकात म्हणाले की पर्यावरणाचा नियम नीट आखला तर उद्योग नव्या युक्त्या शोधतो आणि पुष्कळदा त्याचा फायदाच होतो. त्यात 'नीट आखला तर' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. नीट म्हणजे काय करायचं ते सांगणारा, कसं करायचं ते उद्योगावर सोडणारा, आणि उद्या बदलणार नाही असा भरवसा देणारा.

सूर्य फुकट, पाणी?

आता पुन्हा शेतात येऊ. पुतण्याचा प्रश्न राहिला आहे.

१८६५ साली इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हॉन्स या अर्थशास्त्रज्ञानं कोळशावर एक पुस्तक लिहिलं. त्या वेळी लोक म्हणत, वाफेची इंजिनं सुधारली, आता कोळसा कमी लागेल. जेव्हॉन्स म्हणाला, उलट होईल. इंजिन काटकसरीचं झालं की वाफ स्वस्त होईल, वाफ स्वस्त झाली की जिथं तिथं इंजिनं लागतील, आणि कोळसा आधीपेक्षा जास्त जळेल. झालंही तसंच.

सौरपंपाच्या बाबतीत कोळशाच्या जागी भूजल ठेवून पाहा. डिझेलच्या काळात प्रत्येक तासाला पैसे जळत होते, म्हणून हात आपोआप आखडता होता. विजेच्या काळात भारनियमन होतं, तेही एक प्रकारचं रेशनिंगच. सौरपंपात दोन्ही ब्रेक गेले. सूर्य उगवला की पाणी, मावळला की बंद. कार्बनच्या हिशेबात हे यंत्र हिरवंगार आहे. विहिरीच्या हिशेबात ते काय आहे, हे यंत्रावर लिहिलेलं नसतं.

वरूड-मोर्शीचा पट्टा कसा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून नाव झालं ते संत्र्यामुळे, आणि 'ड्राय झोन' म्हणून नाव झालं तेही बहुतांशी त्याच संत्र्याच्या तहानेमुळे. आमच्या वडिलांच्या काळी मोटेनं पाणी निघायचं. पुढे विहिरीत आडवे बोअर मारले, मग उभे. जमिनीखाली काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांत असेल तेवढंच पाणी. पाणी नाही लागलं तर आणखी शंभर फूट. आणि ज्यांनी जास्त खोल मारलं, त्यांनी शेजाऱ्याची विहीर कोरडी केली, तेही कुठला गुन्हा न करता.

खाली पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, प्रश्न वेगळा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांत जमिनीखाली पाणी असून खारट आहे. ते जितकं उपसून पिकाला द्याल तितकी माती बिघडते. तिथं भूजल उपसणारा पंप, मग तो कितीही हरित असो, शेताचा शत्रू होऊ शकतो. तिथं शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्यावर तोच पंप मित्र होतो. यंत्र एकच, जागा बदलली की त्याचा गुण बदलला.

आता योजनेचा नियम काय म्हणतो, पाहा. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. मोजलं काय? जमीन. पाणी मोजलं नाही. ज्याच्या विहिरीला बारमाही झरा आहे त्याला आणि ज्याची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते त्याला, एकरं सारखी असली तर पंप सारखा.

कुणी म्हणेल, सरकारनं पाण्याचा विचारच केला नाही काय? केला आहे, हे न्यायानं सांगितलं पाहिजे. कुसुम योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे की भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात नवे सौरपंप द्यायचे नाहीत. तिथला जुना डिझेल पंप सौर करायचा, तोही ठिबक-तुषार वापरत असेल तर. त्याशिवाय महाराष्ट्राचा भूजल कायदा आहे, २००९ चा, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर खोदायला त्यात मनाई आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. (हशा) तुम्ही हसलात. का हसलात ते आम्हालाही कळतं. आमच्या बागेतला बोअर दोनशे फुटांवर थांबलेला नाही, हे इथं या जागेवर उभं राहून कबूल केलं पाहिजे.

या हशाकडे जरा गंभीरपणे पाहा. कायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तो ऐकून सभेला हसू येतं. धुराचा कारखाना एक असतो, त्याच्या चिमणीवर अधिकारी नजर ठेवू शकतो. विहिरी लाखो. कुठलंही खातं प्रत्येक विहिरीत डोकावू शकत नाही. म्हणून पाण्याच्या बाबतीत वरून आलेला नियम लागतोच, पण तो एकटा पुरत नाही.

यम आणि नियम

इथं आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट कामाला येते. पतंजलीच्या योगात आठ अंगं आहेत. त्यातली पहिली दोन, यम आणि नियम. यम म्हणजे दुसऱ्याशी वागताना पाळायची मर्यादा: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. नियम म्हणजे स्वतःला लावून घेतलेली शिस्त: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. आपण मराठीत सरसकट 'नियम' म्हणतो, पण शासनाचा पर्यावरण कायदा खरं तर यमाच्या जातीचा आहे. दुसऱ्याचं नुकसान करू नकोस, दुसऱ्याचं घेऊ नकोस. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. माझ्या बोअरमध्ये शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आलं तर ती चोरी आहे का? कायद्याच्या कलमात तसं लिहिलेलं सापडणार नाही. पण शेजारी ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेत लिहिलेलं असतं.

आणि नियमाचं उदाहरण याच अमरावती जिल्ह्यानं दिलं. गाडगेबाबांनी गाव झाडायला कुठल्या अध्यादेशाची वाट पाहिली नाही. हातात खराटा घेतला. पुढे २००० साली शासनानं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, पण खराटा आधी होता, अभियान नंतर.

हे नुसतं कीर्तन नाही, याला आधार आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एक प्रसिद्ध लेख लिहून मांडलं की सामायिक कुरणाचा नाश अटळ आहे. प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार आणि कुरण संपणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, कालवे, मासेमारी तपासली आणि दाखवलं की असं होतंच असं नाही. लोक एकमेकांना ओळखत असतील, नियम स्वतः बनवत असतील, मोजमाप उघड असेल आणि चुकणाऱ्याला आधी लहान, मग मोठी शिक्षा असेल, तर सामायिक वस्तू पिढ्यानपिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या राज्यात हिवरे बाजारनं हेच केलं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं ठरवलं की शेतीला बोअर मारायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची.

दुसरी वाट गुजरातेतली आहे. खेडा जिल्ह्यात ढुंढी नावाचं गाव. २०१६ च्या सुमारास तिथल्या काही शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी केली. पंप ग्रीडला जोडले. बाग भिजली की पंप बंद करायचा आणि उरलेली वीज कंपनीला विकायची. आता आमच्या पुतण्याला तिथं नेऊन उभा करा. दुपारी तीन वाजता पंप चालू ठेवला तर विजेचे पैसे बुडतात. बंद केला तर मिळतात. त्याच्या हिशेबात पाण्याला पहिल्यांदा किंमत आली, आणि तीही त्याच्याकडून एक रुपया न घेता. आपल्याकडे २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाच्या फीडरला सौर वीज देण्याचं काम सुरू झालं, त्याचे पहिले प्रयोग राळेगणसिद्धीला आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला झाले. त्यानं दिवसा वीज मिळते, हे चांगलंच. पण न वापरलेल्या पाण्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळेल, अशी सोय त्यात यायला हवी, असं आमचं मत आहे.

एक गोष्ट राहते. पॅनेलचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षं. आज लाखोंनी बसतात ते २०५० च्या आसपास लाखोंनीच उतरतील. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आणली आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. चांगलं झालं. पण प्लास्टिकचंही असंच झालं होतं. आधी सोय म्हणून आलं, २०१८ साली महाराष्ट्रानं बंदी घातली, आणि नाल्या अजून तुंबतात. फुटलेल्या पॅनेलचं काय करायचं, हा प्रश्न ग्रामसभेनं आजच विचारून ठेवलेला बरा.

शेवटी आम्ही तीन प्रश्न देऊन थांबतो. दारात कुठलंही हरित यंत्र आलं, पंप असो, गाडी असो, की आणखी काही, की विचारा. एक, हे यंत्र काय वाचवतं, आणि काय वापरायला मोकळं करतं? दोन, बंद पडलं तर कोण येणार, आणि न येण्यात त्याचं काय नुकसान आहे? तीन, या यंत्रामुळे ज्याचं कमी होणार आहे, तो या बैठकीत बसला आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. कारण कधी तो शेजारी असतो आणि कधी तो अजून जन्मलेला नसतो.

आमच्या शेताचं पुढं काय झालं, असं मघाशी आत येताना एका दादांनी विचारलं. मोठं काही झालं नाही. मागच्या उन्हाळ्यात बागेच्या खालच्या अंगाला शेजाऱ्याची विहीर आटली. तो काही बोलला नाही, पण पोळ्याला घरी आला नाही. ते बंधूंना लागलं. मग त्यांनी आणि आजूबाजूच्या पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गोष्ट सुरू केली. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, सकाळी पंप सुरू करायच्या आधी, सहाही विहिरींत दोरीला दगड बांधून सोडायचा, पाणी किती हात खाली आहे ते मोजायचं आणि शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. बस, एवढंच. कुणावर बंदी नाही, दंड नाही. दोघांनी एक महिना लिहिलं आणि सोडून दिलं. चौघं अजून लिहितात. शेजारी त्या चौघांत आहे.

यानं भूजल वर येईल का? नुसत्या लिहिण्यानं येणार नाही. पण आकडा भिंतीवर आल्यापासून पुतण्या दुपारी एकला पंप बंद करतो. परवा आम्ही मुद्दाम विचारलं, "का रे, सूर्याचं बिल यायला लागलं काय?" तो म्हणाला, "नाही मोठेबाबा, पन पाण्याचं भिंतीवर येते ना."

  जय गुरुदेव.